जनरल डायर वर्गात कसा शिकवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली अठरा वर्षं आठवी ते दहावीला इतिहास शिकवते. जालियनवाला बागेचा पाठ जवळ आला की नव्याने लागलेल्या शिक्षकांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न साधारण तेच तेच असतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढलं.

डायरबद्दल वाद कसला? तो तर सरळसरळ खुनी आहे. यात वेगळं शिकवायचं काय?

आपल्याकडे वाद नाही आणि माझ्या मनातही नाही. वाद झाला तो त्याच्या देशात, आणि तो कसा झाला हे मुलांना सांगितल्याशिवाय हा पाठ पूर्ण होत नाही असं माझं ठाम मत आहे. ८ जुलै १९२० ला ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात यावर मोठी खडाजंगी झाली. भारतमंत्री माँटेग्यूंनी डायरचं कृत्य म्हणजे दहशतवाद आहे असं म्हटलं आणि अर्धं सभागृह त्यांच्याच अंगावर धावून गेलं. युद्धमंत्री चर्चिलनेही या घटनेचा निषेध केला. पण त्याच महिन्यात लॉर्ड्स सभागृहात डायरवर अन्याय झाला असा ठराव १२९ विरुद्ध ८६ मतांनी पास झाला. मॉर्निंग पोस्ट नावाच्या पेपरने त्याच्यासाठी वर्गणी काढली तर २६ हजार पौंडांहून जास्त जमले, तेही १९२० सालचे पौंड. म्हणजे एक माणूस निःशस्त्र लोकांवर न सांगता गोळ्या झाडतो, शेकडो माणसं मरतात आणि सुशिक्षित, पेपर वाचणारी, चर्चला जाणारी हजारो माणसं त्याला पंजाबचा तारणहार म्हणून पैसे पाठवतात. हे मी सांगते तेव्हा वर्गात जी शांतता होते ती डायरला शिव्या देऊन कधीच झालेली नाही.

पार्श्वभूमी किती सांगायची? तासिका तर ३५ मिनिटांची असते.

दोन तासिका घ्याच, एकीत होत नाही. पहिलीत फक्त १३ एप्रिलच्या, म्हणजे गोळीबाराच्या दिवसाच्या, आधीचं. महायुद्धात भारतातून लाखो शिपाई गेले, सगळ्यात जास्त भरती पंजाबातून, त्यात जबरदस्तीही झाली, आणि युद्ध संपल्यावर सवलती मिळतील म्हणून लोक वाट बघत असताना मार्च १९१९ मध्ये हातात पडला तो रौलट कायदा. खटल्याशिवाय तुरुंगात टाकायची सोय. "ना वकील, ना दलील, ना अपील" हे तीन शब्द फळ्यावर लिहा, कायदा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मग ६ एप्रिलचा हरताळ, ९ तारखेला अमृतसरला रामनवमीच्या मिरवणुकीत हिंदू-मुसलमान एकत्र चालले तो दिवस, आणि १० तारखेला डॉ. सत्यपाल आणि डॉ. सैफुद्दीन किचलू या दोन पुढाऱ्यांना पकडून धर्मशाळेला नेलं तो दिवस. एवढं झालं की पहिली तासिका संपते.

१० एप्रिलला आपल्या लोकांनीही गोऱ्यांना मारलं, हे सांगायचं की टाळायचं? सांगितलं तर डायरची बाजू घेतल्यासारखं वाटतं.

सांगायचं, आणि क्रमाने सांगायचं. पुढाऱ्यांना सोडा म्हणून सांगायला निघालेल्या जमावावर रेल्वे पुलाजवळ गोळीबार झाला, माणसं मेली, त्यानंतर भडकलेल्या जमावाने शहरात बँका जाळल्या आणि पाच युरोपियन मारले. मार्सेला शेरवूड नावाच्या मिशनरी बाई सायकलवरून चालल्या होत्या, त्यांना कूचा कुरिछां नावाच्या गल्लीत इतकं मारलं की मेल्या समजून सोडून दिलं. त्यांना उचलून घरात घेणारे, वाचवणारेही भारतीयच होते, हे न विसरता सांगा.

हे लपवलं तर काय होतं ते मी अनुभवलंय. एका वर्षी मी हा भाग गाळला आणि दुसऱ्या दिवशी एक हुशार मुलगा कुठलातरी इंग्रजी व्हिडिओ बघून आला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही अर्धंच सांगितलं." मला खूप लागलं ते. कारण तो व्हिडिओ १० तारखेचं सांगून १३ तारखेचं समर्थन करत होता आणि माझ्या मुलाकडे त्याला द्यायला उत्तर नव्हतं, ते मी दिलंच नव्हतं. उत्तर साधं आहे. १० तारखेच्या जमावाने जे केलं त्याचा १३ तारखेला बागेत बसलेल्या माणसांशी काय संबंध? त्यात बैसाखीसाठी बाहेरगावाहून आलेले लोकही होते.

आणि डायरने याच गल्लीत नंतर काय केलं तेही जोडून सांगा. बाईंवर हल्ला झाला त्या जागेवरून जाणाऱ्या प्रत्येक भारतीयाने पोटावर सरपटत जायचं असा हुकूम काढला, तो १९ एप्रिलपासून पुढचे काही दिवस चालू होता. तिथं राहणाऱ्यांना घरातून बाहेर पडायचं तरी सरपटणं आलं. ज्या घरांनी त्या बाईंना वाचवलं तीही याच शहरातली. हे ऐकून मुलंच बोलायला लागतात, आपल्याला काही म्हणावं लागत नाही.

बागेतली ती दहा मिनिटं वर्गात कशी सांगायची?

नाटुकलं बसवू नका. मी एकदा दुसऱ्या एका शाळेतल्या गॅदरिंगला बघितलंय, मुलं पुठ्ठ्याच्या बंदुका घेऊन ठो ठो करत होती आणि "मेलेली" मुलं खाली पडून हसत होती, त्यांचा काय दोष, ती लहान आहेत. पण त्या दिवसापासून मी या पाठात अभिनय बंद केला.

मी गणित घालते. फळ्यावर तीन आकडे लिहिते: रायफली ५०, गोळ्या १६५०, वेळ सुमारे १० मिनिटं. मुलं भागाकार करतात. माणशी ३३ गोळ्या, सेकंदाला जवळजवळ तीन. मग विचारते, रायफल मशीनगनसारखी आपोआप चालत नाही, प्रत्येक गोळीला खटका ओढायचा, नेम धरायचा, मग गर्दी पांगायला लागली असेल तेव्हाही हे चालू का राहिलं असेल? कोणीतरी हळूच म्हणतं, "मॅडम, म्हणजे पळणाऱ्यांवर झाडल्या." हो. जिथं गर्दी दाट दिसत होती तिकडे, बाहेर पडायच्या बोळांकडे नेम धरायला लावला गेला. सूचना दिली नव्हती. सकाळी सभाबंदीची दवंडी पिटली होती पण ती सगळ्या शहरात फिरलीच नव्हती, हे सरकारी चौकशीतही निघालं.

त्यानंतर भिंतीवरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवते आणि रतनदेवींची जबानी माझ्या शब्दांत सांगते. त्यांचं घर बागेला लागून होतं. आवाज ऐकून त्या धावत आल्या, प्रेतांच्या राशीत नवऱ्याला शोधला. रात्री आठनंतर कर्फ्यू, त्यामुळे खाट आणायला गेलेले परत येईनात, मदतीला कोणी घराबाहेर पडेना. त्या रात्रभर एकट्या नवऱ्याचं प्रेत राखत बसल्या, हातात एक बांबू, कुत्री हाकलायला. जवळच बारा-एक वर्षांचा एक मुलगा जखमी पडलेला, तो म्हणाला मला सोडून जाऊ नका. त्यांनी त्याला विचारलं, थंडी वाजते का, अंगावर काही घालू का? त्याने पाणी मागितलं. तिथं पाणी नव्हतं.

मी इथं थांबते आणि घड्याळाकडे बघायला सांगते. गेल्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "अजून दहा मिनिटं झाली नाहीत?" झाली नव्हती, साडेसहाच झाली होती.

आठवीच्या मुलांना हे जड होईल का असं विचारतात. होतं, म्हणून मी हे शेवटच्या तासाला कधीच घेत नाही. नंतर मुलांशी बोलायला वेळ उरला पाहिजे.

गोळ्या झाडणारे शिपाई गोरे होते का?

नाही, रायफल चालवणाऱ्यांत एकही गोरा नव्हता. गुरखे, आणि ५४ वी शीख आणि ५९ वी सिंध रायफल्स या पलटणींतले शिपाई होते, हुकूम देणारे अधिकारी ब्रिटिश. शिवाय ४० गुरखे फक्त खुकरी घेऊन होते. हा प्रश्न दरवर्षी येतोच आणि त्यामागोमाग "मग त्यांनी का झाडल्या?" हाही येतो. घाईने उत्तर देऊ नका. मी म्हणते, पगार, शिस्त, हुकूम मोडला तर कोर्टमार्शल, आणि बहुतेकांना हे शहर परकंच होतं. याने त्यांची सुटका होते का? माझ्या वर्गात यावर अर्धी मुलं हो म्हणतात अर्धी नाही, आणि मी मतदान घेऊन निकाल लावत नाही.

डायर राक्षस होता, क्रूरकर्मा होता असं सांगितलं तर काय बिघडलं?

हा माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

क्रूर म्हणा, निर्दय म्हणा, अगदी खुशाल म्हणा. पण राक्षस म्हटलं की प्रश्न संपतो. राक्षस असतोच तसा, त्याला कोणी पोसलं, कोणी बंदूक दिली, नंतर कोणी पाठ थोपटली हे विचारायची गरजच राहत नाही. आणि गंमत नाही, खरंच सांगते, चर्चिलने कॉमन्समध्ये नेमकं हेच केलं. त्याने ही घटना भयानक आहे, वेगळीच आहे, ब्रिटिशांची ही रीत नाही असं मांडलं. म्हणजे डायरला बाजूला काढला की राज्य स्वच्छ. आपण डायरला राक्षस करून ठेवतो तेव्हा नकळत चर्चिलचीच री ओढतो.

मग दाखवायचं काय? एक, हा माणूस बाहेरून आलेला वेडा नव्हता. १८६४ मध्ये मरी गावात जन्मला, ते आज पाकिस्तानात आहे, शिमल्याच्या शाळेत शिकला, हिंदुस्तानी त्याला चांगली यायची. इथल्या लोकांमध्ये वाढलेला माणूस इथल्या लोकांना असं कसं बघू शकतो हा प्रश्न राक्षसापेक्षा कितीतरी अवघड आहे.

दोन, त्याची स्वतःची उत्तरं. १९ नोव्हेंबर १९१९ ला लाहोरला हंटर कमिटीपुढे, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी समितीपुढे, त्याची साक्ष झाली. मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड कमिटीवर होते, त्यांनी विचारलं की मशीनगन बसवलेल्या चिलखती गाड्या बोळातून आत जाऊ शकल्या असत्या तर वापरल्या असत्या का? तो म्हणाला, बहुधा हो. जखमींसाठी काय केलं? ते माझं काम नव्हतं, हॉस्पिटलं उघडी होती. आणि गोळीबाराशिवायही गर्दी कदाचित पांगवता आली असती पण ते परत आले असते आणि मला हसले असते, असंही तो बोलला. हेतू गर्दी पांगवायचा नव्हताच, सगळ्या पंजाबवर वचक बसवायचा होता, हे त्याने स्वतःच्या रिपोर्टमध्येच लिहिलंय. यात आरडाओरडा नाही की राग नाही. माणूस शांतपणे ऑफिसच्या कामाबद्दल सांगावं तसा सांगतोय, तेच अंगावर येतं.

तीन, तो एकटा नव्हता. गोळीबारानंतर पंजाबच्या लेफ्टनंट गव्हर्नरची मान्यता असल्याची तार त्याला आली. १४ एप्रिलला गुजराँवालावर विमानातून बाँब टाकले, तिथे डायर नव्हता. लाहोरला मार्शल लॉ (लष्करी अंमल) चालवणाऱ्या कर्नल जॉन्सनने मेडिकल कॉलेजच्या मुलांना दिवसातून चार वेळा हजेरीला यायला लावलं, उन्हातान्हात रोज साधारण १६ मैलांची पायपीट व्हायची. कसूरला शाळांमधून सगळ्यात थोराड दिसणारी सहा मुलं निवडून त्यांना फटके मारले, गुन्हा काय तर अंगाने मोठी होती. हे सांगितलं की वर्गातली उंच मुलं एकमेकांकडे बघतात. आणि सप्टेंबर १९१९ मध्ये, चौकशी सुरू व्हायच्याही आधी, अधिकाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा पास करून टाकला. हे सगळं एका माणसाच्या डोक्यातून येत नाही.

मग शेवटी डायरला शिक्षा काय झाली?

तुरुंग नाही, खटला नाही. लगेच तर काहीच नाही, उलट त्याच उन्हाळ्यात अफगाण युद्धात शत्रूने वेढलेलं एक ठाणं सोडवायला त्याला पाठवलं. १९२० मध्ये राजीनामा द्यायला लावला, पुढे नोकरी नाही. २३ जुलै १९२७ ला इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ आजारपणाने गेला.

उधमसिंगाने डायरला मारलं ना?

नाही! ही चूक मी पेपर तपासताना दर वर्षी लाल पेनाने गोल करते आणि खरं सांगायचं तर मोठ्या माणसांच्या भाषणातही ऐकते. उधमसिंगांनी १३ मार्च १९४० ला लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये गोळ्या घातल्या त्या मायकेल ओडवायरला. तो पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर होता आणि आयरिश होता. डायर जाऊन तेव्हा जवळपास तेरा वर्षं झाली होती. नावं सारखी वाटतात म्हणून गोंधळ. फळ्यावर दोन रकाने करा, एकात लष्कर एकात सरकार, म्हणजे डोक्यात बसतं. उधमसिंगांना ३१ जुलै १९४० ला फाशी दिलं आणि त्यांच्या अस्थी भारतात यायला १९७४ उजाडलं.

फॉरवर्डमध्ये येतं ते कितपत खरं? मशीनगन, दरवाजाला कुलूप वगैरे.

मशीनगन चालली नाही, चिलखती गाड्या अरुंद बोळामुळे बाहेरच राहिल्या. मोठं गेट आणि त्याला कुलूप असंही नव्हतं, सगळीकडून घरांच्या भिंती आणि बाहेर जायला चारदोन चिंचोळ्या वाटा, आणि मुख्य वाटेच्या तोंडाशी शिपाई उभे. खरं एवढं भयंकर आहे की त्यात भर घालायची गरज नाही, आणि भर घातलेली एक गोष्ट खोटी निघाली की ऐकणारा बाकीच्यावरही शंका घेतो.

मृतांचा आकडा कुठला सांगायचा?

दोन्ही. सरकारी ३७९, काँग्रेसच्या चौकशीप्रमाणे हजाराच्या आसपास. जीव वाचवायला लोकांनी बागेतल्या विहिरीत उड्या घेतल्या, त्या विहिरीपाशी फलकावर १२० मृतदेह असा आकडा आहे. आणि आकड्यांत फरक का हे सांगा, कारण तोच खरा इतिहासाचा धडा: सरकारने मोजायला घेतलं तेच काही महिन्यांनी, आणि लोकांनी पुढे येऊन नावं सांगायची होती. मार्शल लॉ भोगलेल्या शहरात कोण उठून सरकारला सांगेल की माझा भाऊ त्या बंदी घातलेल्या सभेत होता? मुलांना आपल्या घरचं उदाहरण घेऊन विचार करायला सांगा, लगेच समजतं.

डायरच्या बाजूने आणि विरुद्ध असा वादविवाद घ्यावा का?

मी घेत नाही. काही हौशी शिक्षक घेतात, हेतू चांगला असतो, पण तेरा वर्षांच्या मुलाला टाळ्या मिळवण्यासाठी हत्याकांडाचं समर्थन करायला लावणं मला पटत नाही. त्याऐवजी मी त्याच्या समर्थकांचे मुद्दे फळ्यावर लिहिते: पुन्हा १८५७ होणार होतं, त्याने ते थांबवलं, सैनिकाने कर्तव्य केलं, चौकशीत त्याला वकील नव्हता. मग मुलांनी प्रत्येक मुद्दा पुराव्याने तपासायचा. शेवटचा मुद्दा खरा आहे, त्याला वकील नव्हता, हे मान्य करायचं. आणि बागेत मेलेल्यांना काय होतं, हेही विचारायचं.

पालक म्हणतात, हे शिकवून मुलांच्या मनात इंग्रजांबद्दल द्वेष भरता. काय सांगायचं?

मला हे एका पालकांनी तोंडावर विचारलंय, त्यांचा मुलगा लंडनला शिकायला जाणार होता. मी म्हटलं, दादा, म्हणून तर त्याला हे नीट माहीत असू दे. माँटेग्यूही इंग्रजच होते. आणि दुसरे पालक उलटं म्हणतात, एवढी चर्चा कशाला, सरळ शत्रू म्हणून सांगा. दोघांनाही मी वर्गात मागे बसून तास बघायला बोलावते. आजवर तिघे येऊन बसलेत.

आपल्या भागाशी काही संबंध जोडता येईल का?

ओढूनताणून नको, पण एक खरा आहे. काँग्रेसने स्वतंत्र चौकशी केली त्यात गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, हेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १७०० हून जास्त लोकांच्या जबान्या तपासून त्यांतल्या साधारण ६५० छापल्या. रतनदेवींचा आवाज आज आपल्यापर्यंत पोचतो तो या कामामुळे. टागोरांनी ३१ मे १९१९ ला सर पदवी परत केली हे सगळे सांगतात, ते सांगाच, पण दारोदार जाऊन जबान्या गोळा करणाऱ्यांबद्दलही दोन मिनिटं बोला.

ब्रिटनने माफी मागितली का?

पूर्ण औपचारिक माफी नाही. २०१३ मध्ये पंतप्रधान कॅमेरॉन बागेत जाऊन आले, अत्यंत लाजिरवाणी घटना म्हणाले. शंभर वर्षं होताना एप्रिल २०१९ मध्ये थेरेसा मे पार्लमेंटमध्ये लाजिरवाणा डाग म्हणाल्या, खेद व्यक्त केला. खेद आणि माफी यात काय फरक असतो हे मी मुलांना विचारते. एक मुलगा म्हणाला, "खेद म्हणजे झालं ते वाईट झालं, आणि माफी म्हणजे मी केलं." मी ते तसंच फळ्यावर लिहिलं आणि त्या दिवशी फळा पुसला नाही.

अमृतसरला सहल नेतोय, काय दाखवू?

बाग, भिंतीवरच्या गोळ्यांच्या खुणा, विहीर. २०२१ च्या नूतनीकरणात आत जायच्या बोळाच्या भिंतींवर शिल्पं बसवलीत, त्यावर बऱ्याच इतिहासकारांनी नाराजी दाखवली आणि मलाही ते आवडलं नाही, कारण त्या बोळाचा नुसता अरुंदपणाच सगळं सांगत होता. त्यामुळे आत शिरायच्या आधीच मुलांना बाहेर थांबवून सांगा, शिपाई इथून आत गेले, गाड्या इथे राहिल्या. सेल्फीबद्दल आधीच बोलून घ्या, तिथे गेल्यावर ओरडून उपयोग होत नाही. आणि पाण्याच्या बाटल्या भरून न्या, एप्रिल-मेमध्ये अमृतसरला ऊन फार असतं.